पत्ता सांगणारा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या मोबाइलवर एक निरोप आला. 'तुमचे वीजबिल थकले आहे. आज रात्री वीज तोडली जाईल.' खाली निळ्या अक्षरांत एक पत्ता होता. 'आधी नीट वाचा, मग लिहा,' असे आम्ही शाळेत जन्मभर मुलांना सांगत आलो. आणि त्या दिवशी आम्हीच न वाचता त्या निळ्या अक्षरांवर बोट ठेवले! बिल भरण्याचे पान उघडले. ग्राहक क्रमांक दिला. मग त्याने बँकेच्या कार्डाचा नंबर मागितला. खात्यात नुकतीच पेन्शन जमा झाली होती. तेवढ्यात सौ. म्हणाल्या, "अहो, बिल तर मी परवाच भरलं. पावती डब्यात आहे."

आमचा हात जागीच थांबला. ते पान खोटे होते.

असले पान उघडूच नये, अशी काही सोय आहे का? आहे. ती समजून घेऊ.

आपण परगावी जातो. पारावर बसलेल्या माणसाला विचारतो, "देशमुखांचं घर कुठं?" तो सांगतो, "देवळामागचं तिसरं." इंटरनेटवरही तसेच. आपण नाव लिहितो, पण यंत्राला आकडे लागतात. नावावरून आकडे सांगणारी व्यवस्था १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी आखली. तिला डीएनएस म्हणतात. मोबाइल आधी ह्या पत्ता सांगणाऱ्याला विचारतो, मग पुढे जातो. बहुधा तो मोबाइल कंपनीनेच नेमलेला असतो, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो!

आता समजा, पारावरच्या माणसाजवळ चोरांच्या घरांची यादी आहे. त्यांतले घर कुणी विचारले, तर तो म्हणतो, "असं घर ह्या गावात नाही." झाले! वाटसरू मागे फिरतो.

असे काम करणारी एक संस्था म्हणजे क्वाड९. तिच्या यंत्राचा क्रमांक ९.९.९.९, म्हणजे चार नवे. त्यावरूनच हे नाव. नोव्हेंबर २०१७ मध्ये ही सेवा सर्वांसाठी सुरू झाली. २०२१ साली संस्थेने आपले ठाणे स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरी नेले. चोरांच्या याद्या तिला सुरक्षेचे काम करणाऱ्या अनेक संस्थांकडून मिळतात. पैसा? तुमच्याकडून एक पैही घेत नाहीत. देणग्यांवर काम चालते. कोणी काय विचारले, त्याची माणसागणिक नोंदही ठेवत नाहीत.

पण यादी सांभाळणे सोपे नाही. चुकून भल्या दुकानदाराचे नाव यादीत गेले, तर त्याचे गिऱ्हाईक तुटते. म्हणून तक्रार आली की तपासावे लागते. शिवाय दुसरेही म्हणू लागतात, आमचे नावडते घरही लपवा! २०२१ साली सोनी म्युझिक कंपनीने तेच मागितले. चोरट्या गाण्यांकडे नेणारी एक जागा बंद करा, म्हणून जर्मनीत दावा लावला. हॅम्बुर्गच्या न्यायालयाने तसा हुकूमही दिला. क्वाड९ लढत राहिली. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये ड्रेस्डेनच्या वरिष्ठ न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. आम्हाला तो योग्य वाटतो. पत्ता सांगणाऱ्याला प्रत्येकाचा शिपाई करून कसे चालेल?

ही सोय मोबाइलवर बसवायला पाच मिनिटे पुरतात. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्कच्या भागात 'खाजगी डीएनएस' असते. तिथे इंग्रजी लहान अक्षरांत 'डीएनएस डॉट क्वाड९ डॉट नेट' लिहावे. आमच्या फोनवर नातवाने बसवले. लिहिले मात्र आम्ही.

आजच उघडलेले चोराचे दुकान यादीत नसूही शकते. अश्लील पानेही ही सेवा अडवीत नाही. तिचे काम फसवी आणि घातक पाने अडवण्याचे. पैसे गेलेच, तर लाजत न बसता लगेच १९३० ह्या क्रमांकावर फोन करावा.

आणि फोनवरच्या गोड बोलण्यापुढे तर तिचे काहीच चालत नाही. परवाच एकजण म्हणाला, "बँकेतून बोलतोय, आलेला आकडा सांगा." आम्ही चष्मा शोधू लागलो. सौ.नी फोन आमच्या हातून घेतला आणि बंद केला.