मध्यमवयीन स्त्रियांचे एक अबोल दुखणे

मंठा तालुक्यातील शेतकरी स्त्रीला चाळिशीनंतरही कष्ट चुकत नाहीत. बाळंतपणे, जड ओझी व पुढे पाळी जाणे यांमुळे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात. खोकताना लघवी सुटते, अंग बाहेर येते. शौचालयाकडे घाईने जाताना तोल जाऊन पडण्याचाही संभव असतो. संकोचामुळे हे दुखणे झाकलेच राहते. गडचिरोली जिल्ह्यातील ६५० स्त्रियांची डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी केलेली पाहणी १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. पूर्वी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या.

उपाय बिनखर्चाचा आहे. लघवी रोखताना आवळले जाणारे स्नायू ५ सेकंद आवळावेत, तेवढाच वेळ सैल सोडावेत. असे १० वेळा, दिवसातून तीनदा, किमान ३ महिने करावे. अंग बाहेर येत असल्यास मात्र डॉक्टरांकडून तपासणी आवश्यक. महिला ग्रामसभेत आशा कार्यकर्तीने हा विषय मांडल्यास संकोच निश्चितच ओसरेल.