पोलीस ठाणे आणि आपली वस्ती

बँकेच्या काउंटरवर वर्षानुवर्षे बसून मी एक गोष्ट शिकलो. एखादी म्हातारी बाई पाचशे रुपये भरायला येते तेव्हा तिची नजर माझ्या तोंडाकडे नसते, शिक्का मारलेल्या स्लिपच्या तुकड्याकडे असते. तो हाती पडला की ती निश्चिंत मनाने घरी जाते. पोलीस खात्यावरील विश्वासाचा विचार करताना मला हा तुकडाच आठवतो.

आपल्या समाजाला हा प्रश्न नवा नाही. २९ मे १९२८ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला निवेदन दिले. त्यात लष्कर, नौदल व पोलीस यांतील भरतीचा हक्क मागितला होता. आणखीही एक मागणी होती, जी आपल्या भाषणांतून फारशी ऐकू येत नाही : प्रत्येक जिल्ह्यात अस्पृश्य समाजातीलच एक खास पोलीस इन्स्पेक्टर नेमण्याचा हक्क! ही मागणी का करावी लागली असेल? बहिष्कार घालणारे आणि फिर्याद लिहून घेणारे जर एकाच समाजातले असतील, तर फिर्याद कागदावर उतरणार कशी? दूरच्या उत्तर आयर्लंडमध्ये हाच पेच होता. तेथील पोलिसांत कॅथलिक सुमारे आठ टक्के होते. २००१ पासून दहा वर्षे निम्मी भरती कॅथलिकांमधून केली गेली, तेव्हा हे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास पोचले.

आज आपल्या वस्त्यांतील मुले-मुली पहाटे मैदानावर धावून भरतीची तयारी करतात, वर्दी मिळवतात. याचा अभिमान वाटतोच. परंतु तेवढ्याने भागते का?

आपल्याच नागपुरातील कस्तुरबानगरचे उदाहरण घ्या. गरीब, बहुसंख्येने दलित वस्ती. अक्कू यादव नावाच्या गुंडाने तेथे दहा वर्षांहून अधिक काळ खंडणी, मारहाण, बलात्कार यांचा कहर मांडला होता. तक्रार करणाऱ्या बाईचे नाव त्याच्यापर्यंत पोचते, असा आरोप रहिवासी करीत. शेवटी १३ ऑगस्ट २००४ रोजी जमावाने त्याला जिल्हा न्यायालयात ठार केले. त्या जमावात वस्तीतील स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. खटला दहा वर्षे चालला आणि २०१४ मध्ये पुराव्याअभावी आरोपींची सुटका झाली. काही जण या घटनेचा गौरव करतात. मला ते पटत नाही. न्यायालयाच्या खोलीत माणूस मारला जाणे ही आनंदाची गोष्ट नव्हे. पण त्या बायांना दोष देण्यापूर्वी, त्या किती वेळा ठाण्याची पायरी चढून रिकाम्या हाती परतल्या असतील, हे विचारलेच पाहिजे.

याच्या उलट चित्र भिवंडीचे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी ते गाव होरपळले होते. १९८८ च्या सुमारास तेथे आलेले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. हिंदू व मुसलमान, दोघेही पोलिसांसमवेत एकत्र बसू लागले. नळाचे, जागेचे लहानसहान तंटे तेथे निघत. पोलिसाला माणसे नावाने ओळखू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी मात्र शांत राहिली. नळाच्या तंट्यात जमलेली ओळख दंगलीच्या रात्री कामी आली, असे मी समजतो.

आपल्या शहरात असे बसणे होते ते बहुधा सणांच्या तोंडावर, शांतता समितीत. चहा होतो, फोटो निघतो, आणि झाले!

काही वर्षांपूर्वी शेजारच्या, घरकाम करणाऱ्या एका मावशींसोबत मी एका ठाण्यात गेलो होतो. घरफोडी झाली होती. टेबलावरील जमादाराने काय गेले हे विचारण्याआधी वस्ती कोणती हे विचारले. मग एका सुट्या कागदावर काहीतरी लिहिले आणि "उद्या या" म्हणाला. मावशी उठल्या. मी म्हटले, "साहेब, एफआयआरची प्रत?"

वाचकहो, ही प्रत उपकार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार ती विनामूल्य मिळते. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावीच लागते. नकार मिळाल्यास पोलीस अधीक्षकांकडे, शहरात उपायुक्तांकडे, लेखी खबर पाठवावी. तेथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकारी आहेत. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक मागून घ्या. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ४ प्रमाणे तोंडी दिलेली खबर सहीपूर्वी वाचून दाखवणे, ती नोंदवणे आणि तिची प्रत देणे हे कर्तव्य आहे. अनुसूचित जाती-जमातींचा नसलेल्या लोकसेवकाने ते जाणूनबुजून टाळल्यास सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते.

त्या दिवशी आम्ही दोन तास बाकावर बसून राहिलो. प्रत मिळाली. मावशींना वाचता येत नाही. त्यांनी शिक्का कुठे आहे एवढे मला विचारून घेतले, त्यावर बोट ठेवून पाहिले आणि कागद पासबुकाच्या प्लास्टिकच्या पिशवीत सरकवला.