पडद्याचे चित्रण : सॉफ्टवेअरची निवड

मराठी माध्यमातून आलेल्या मला बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी ताळेबंद इंग्रजीतून उमगेना. धाकट्या विद्यार्थ्यांचे तसे होऊ नये म्हणून संगणकाच्या पडद्यावर हिशेब मांडत, मराठी व कन्नडमधून बोलत, त्याचे चित्रण करायचे मी ठरवले.

पहिल्या मोफत सॉफ्टवेअरने चित्रावर आपला शिक्का मारला. शिवाय मध्येच वीज गेली आणि एमपी४ फाइल उघडेचना. चाळीस मिनिटांचा धडा बुडाला! विंडोजचा गेम बार एका वेळी एकाच प्रोग्रॅमचे चित्रण करतो; मला तर खतावणी आणि पाठ्यपुस्तकाचे पान शेजारी शेजारी हवे होते. शेवटी २०१२ पासून मोफत मिळणारे ‘ओबीएस’ घेतले. त्यात शिक्का नाही, वेळेचे बंधन नाही. एमकेव्ही स्वरूपात चित्रण केल्यास वीज गेली तरी तोवरचा भाग वाचतो. मागाहून त्याचे एमपी४ करता येते.

मित्रहो, सोयींची यादी नंतर पाहा. केलेले काम टिकते का, हे आधी पाहा.