युद्धाची बातमी : ऐकणाऱ्याची जबाबदारी

सूरह निसाच्या ८३ व्या आयतीत मदीनेतील काही लोकांच्या एका सवयीचा उल्लेख आहे. निर्भयतेची असो वा भीतीची, बातमी कानी पडताच ते ती पसरवीत सुटत. तीच त्यांनी प्रेषित (स.) आणि जबाबदार व्यक्तींपर्यंत पोहोचवली असती, तर तिचे मर्म जाणणाऱ्यांनी ते शोधून काढले असते, असा या आयतीचा आशय आहे. बातमी रचणाऱ्याचा गुन्हा वेगळा. येथे ऐकलेले तसेच पुढे सांगणाऱ्याला अल्लाह तआलाने दोष दिला आहे.

उहुदच्या रणांगणावर, हिजरी ३ मध्ये, याचा अनुभव मुस्लिमांनी घेतला होता. हजरत मुसअब बिन उमैर (रजि.) शहीद झाले आणि प्रेषितच (स.) मारले गेले अशी आवई उठली. कित्येकांचे हातपाय गळाले. अखेर हजरत कअब बिन मालिक (रजि.) यांनी शिरस्त्राणाखालचे डोळे पाहून प्रेषितांना (स.) ओळखले, तेव्हा कुठे लोकांना धीर आला. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीविषयी बहुतेक भाष्यकार सांगतात तो प्रसंग तर याहून सूक्ष्म आहे. बनू मुस्तलिककडे जकात गोळा करण्यास गेलेला माणूस वाटेतून परतला आणि ते लोक उलटले असल्याचे त्याने सांगितले. मदीनेत कारवाईची भाषा सुरू झाली. चौकशीअंती कळले की ते बिचारे त्याच्या स्वागतासाठी निघाले होते. आयतीने शहानिशेचा आदेश दिला आणि त्यामागचे कारणही सांगितले : अजाणता एखाद्या समूहावर अन्याय घडेल आणि मागाहून पश्चात्ताप करावा लागेल.

बातमीचे हे मोल आपल्या पुणे शहराने एका फार मोठ्या दुःखात जाणले आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठी फौजेचा विनाश झाला. नानासाहेब पेशवे मदतीसाठी उत्तरेकडे निघाले होते. दहा दिवसांनी, भिलशाच्या आसपास, त्यांच्या हाती सावकारी पत्र पडले. त्यात माणसांची हानी मोती, मोहरा, रुपये आणि पैसे यांच्या सांकेतिक भाषेत लिहिलेली होती. थोरामोठ्यांची संख्या दिलेली होती. रुपये-खुर्दा किती गेला, त्याची मात्र गणती नव्हती. हे पत्र वाचताना दोन गोष्टी मनात येतात. लिहिणाऱ्याला जे ठाऊक नव्हते ते त्याने ठाऊक असल्याचा आव आणला नाही, हे त्याचे इमान. आणि सामान्य शिपायाचा मृत्यू तेव्हाही खुर्द्यासारखाच मोजला, किंबहुना मोजला गेला नाही, हे युद्धाचे स्वरूप. नानासाहेब परतले आणि त्याच वर्षी २३ जून रोजी पर्वतीवर निवर्तले.

ज्या घरांत निश्चित बातमी आलीच नाही त्यांचे काय झाले असेल? सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई स्वतः पानिपताहून परतल्या होत्या. पतीच्या मृत्यूवर त्यांनी विश्वास ठेवला नाही. सौभाग्यचिन्हे अखेरपर्यंत उतरवली नाहीत. या अनिश्चिततेचा लाभ घेणाराही निघाला. आपणच भाऊ, असे म्हणत एक तोतया उभा राहिला. त्याला रत्नागिरीच्या किल्ल्यात डांबले, तर पुढे तेथून सुटून त्याने कोकणात मोठी फौज जमवली. १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. युद्ध संपून पंधरा वर्षे लोटली होती, तरी एका मृत्यूची खात्री न पटल्यामुळे माणसे मरतच होती.

आता स्मरणाकडे वळू. पानिपत म्हणजे दोन धर्मांची लढाई, असे सांगणारे दोन्ही बाजूंना भेटतात. आपल्या घरांतही भेटतात. वस्तुस्थिती काय आहे? पेशव्यांच्या तोफा आणि कवायती पायदळ इब्राहीमखान गारदी यांच्या हाताखाली होते. समोर अब्दालीच्या बाजूने लढणाऱ्या शुजाउद्दौल्याच्या सैन्यात गोसाव्यांची पथके होती. या लढाईची सर्वांत तपशीलवार हकिकत लिहिली ती शुजाच्याच चाकरीतील काशीराज पंडिताने. हा मूळचा दक्षिणी ब्राह्मण, आणि त्याने हकिकत लिहिली फारसीत, १७८० च्या सुमारास. तो सांगतो की लढाईच्या सकाळी इब्राहीमखान भाऊंपुढे आले. आपल्या शिपायांचा पगार दरमहा मिळालाच पाहिजे या हट्टामुळे भाऊ नाराज असत. तो पैसा वाया गेला नाही हे आज दिसेल, अशा अर्थाचे ते बोलले. त्या दिवशी त्यांची बहुतेक पथके कापली गेली. ते स्वतः जखमी अवस्थेत पकडले गेले आणि कैदेत मरण पावले.

काशीराज विरुद्ध छावणीत होता, तरीही त्याने शत्रूकडील या सेनानीचे शौर्य लपवले नाही. एखाद्या समूहाच्या वैरामुळे न्याय सोडू नका, या सूरह माइदाच्या आठव्या आयतीतील आज्ञेच्या जवळ जाणारी ही साक्ष आहे. अर्थात एकोणीस वर्षांनंतरच्या आठवणीत पुसटपणा असणारच, म्हणून इतिहासकार त्याचेही विधान इतर कागदपत्रांशी ताडून पाहतात. पुण्याच्या बोलीने मात्र अन्याय केला. 'गारदी' म्हटले की १७७३ मधील नारायणरावांचा खून आठवतो. पानिपतावर पगाराच्या शब्दाला जागून मेलेले गारदी त्या एका शब्दाखाली गाडले गेले.

हे सारे जुने झाले असे कोणी म्हणेल. ७ मे २०२५ रोजी पुंछमध्ये पाकिस्तानी तोफमाऱ्यात एका मदरशातील शिक्षक मरण पावले. काही वृत्तवाहिन्यांनी त्यांना अतिरेकी म्हणून दाखवले. पुंछ पोलिसांनी त्याचे स्पष्ट शब्दांत खंडन केले. पुढे तेथील न्यायालयाने या प्रकरणी गुन्हा नोंदवण्याचा आदेशही दिला. तोफगोळ्याने माणूस नेला, आणि बातमीने त्याच्या घरच्यांकडून त्याचे नावही नेले. या घटनेने आपण व्यथित झालो, ते योग्यच होते. पण त्याच चार दिवसांत संगणकीय खेळांतील दृश्ये आणि जुन्या युद्धांच्या चित्रफिती खऱ्या म्हणून फिरत होत्या. त्या आपल्या नातलगांच्या व्हॉट्सॲप गटांतूनही फिरल्या. ऐकलेले सर्व काही सांगत सुटणे हेच माणूस खोटा ठरण्यास पुरेसे आहे, या अर्थाची हदीस सहीह मुस्लिमच्या प्रारंभीच आली आहे, आणि तिच्यात आपल्या बाजूच्या बातमीला सवलत नाही.

पाठवलेले परत कसे घ्यावे, हा प्रश्न उरतो. सूरह बकराच्या १६० व्या आयतीत सत्य लपवणाऱ्यांच्या तौबेसोबत दोन अटी जोडल्या आहेत : सुधारणा करणे आणि उघड करून सांगणे. हाच नियम येथे लावला, तर मनातल्या मनात इस्तिगफार करून भागत नाही. ज्या गटात ती चित्रफीत पाठवली त्याच गटात, तेवढ्याच ठळकपणे, ती खोटी होती असे लिहावे लागते. आणि जिला ती तोंडी ऐकवली त्या घरातील वृद्ध आजीलाही जाऊन सांगावे लागते, कारण ती अजून तेच खरे मानून दुआ करीत असेल.