वजनाचा काटा आणि आरोग्याची नोंदवही

स्थूलता हा शहरातील सुखवस्तू माणसांचा प्रश्न आहे, ही समजूत आता मागे पडली आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रिया अतिवजनी अथवा स्थूल आढळल्या. कमी वजनाच्या स्त्रियांचे प्रमाण त्याच पाहणीत १९ टक्क्यांच्या आत होते. पुरुषांमध्येही अतिवजनाचे प्रमाण २३ टक्क्यांच्या आसपास आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक लोक मधुमेही असून १३ कोटींहून अधिक लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. ज्या गावांनी कुपोषणाशी झुंज दिली, त्याच गावांत आता या दुसऱ्या टोकाचाही विचार करणे क्रमप्राप्त झाले आहे.

वजन कमी कसे करावे याविषयी सल्ल्यांची वाण नाही. गुढीपाडव्याला केलेला निश्चय लग्नसराईपर्यंत टिकत नाही, हा मात्र सर्वत्र येणारा अनुभव आहे. याचे खापर आपण सामान्यतः मनाच्या दुबळेपणावर फोडतो. थोडा विचार केल्यास असे दिसून येईल की, दोष पुष्कळदा मोजमापाचा असतो. एकाच साक्षीदाराच्या जबानीवर निकाल देणारा न्यायाधीश जसा चुकण्याचा संभव अधिक, तसेच केवळ वजनाच्या काट्यावर विसंबून आपल्या प्रयत्नांचे यशापयश ठरविणाऱ्याचे होते.

काट्याची साक्ष

वजनकाटा खोटे बोलत नाही. पण तो काय मोजतो हे आपण विसरतो. चरबी, स्नायू, हाडे, पाणी आणि पोटातील अन्न या सर्वांची तो एकच बेरीज सांगतो. निरोगी माणसाच्या वजनातही एका दिवसात एक ते दोन किलोंचा फरक सहज पडतो. लोणचे-पापडासह झालेल्या खारट जेवणानंतर शरीरात पाणी साठते. पिष्टमय पदार्थांपासून यकृतात व स्नायूंत साठविल्या जाणाऱ्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवले जाते. आहार एकदम तोडला की पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो वजन झपाट्याने उतरते, त्यात या पाण्याचा वाटा मोठा असतो. माणूस हरखून जातो. पुढच्या महिन्यात तीच गती राहिली नाही की तो निराश होतो. हर्ष आणि निराशा या दोहोंनाही येथे आधार नसतो.

अंगणवाडीचा व्यवहार ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना हा मुद्दा चटकन पटेल. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेने वाढीच्या आलेखाची पद्धत गावोगाव नेली. तेथे बालकाचे एका महिन्याचे वजन सुटे पाहिले जात नाही. आलेखावर ठिपका मांडून रेषेची दिशा पाहिली जाते. बालकाच्या बाबतीत जी शास्त्रीय शिस्त आपण कटाक्षाने पाळतो, ती प्रौढाच्या बाबतीत का सोडावी, हे समजत नाही.

भारतीय शरीराचे आणखी एक वैशिष्ट्य येथे ध्यानात घेतले पाहिजे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच उदाहरणे मांडली. वजन व उंची यांच्या प्रमाणावरून काढला जाणारा शरीरवस्तुमान निर्देशांक, ज्यास दवाखान्यात बीएमआय म्हणतात, तो दोघांचाही २२.३ असा एकसारखाच होता. शरीरातील चरबी मोजली असता युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के भरली. काट्याच्या दृष्टीने दोघे सारखे होते. प्रत्यक्षात एकाच्या अंगी दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक चरबी होती. भारतीयांसाठी हा निर्देशांक २३ झाला की अतिवजन आणि २५ झाला की स्थूलता मानावी, तसेच कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे तज्ज्ञांनी ठरविले आहे, ते याच कारणाने. पोटाभोवती साठणारी चरबी ही मांडीवरील वा दंडावरील चरबीपेक्षा अधिक उपद्रवी असते.

चेन्नईचा धडा

वजन उतरले नाही म्हणजे श्रम वाया गेले काय, या प्रश्नाचे उत्तर भारतातच झालेल्या एका प्रयोगाने दिले आहे. चेन्नईचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ व्यक्तींचे चार गट केले. एका गटास नेहमीचाच सर्वसाधारण सल्ला दिला. दुसऱ्या गटास आहारात सुधारणा आणि दररोज किमान अर्धा तास चालणे, असा नियम घालून देऊन त्याचा सातत्याने पाठपुरावा केला. उरलेल्या दोन गटांत मेटफॉर्मिन या औषधाचा, एकट्याने आणि या नियमांच्या जोडीने, उपयोग केला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत पहिल्या गटातील ५५ टक्के व्यक्तींना मधुमेह झाला. आहार-व्यायामाच्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले. विशेष हे की, या दुसऱ्या गटाच्या सरासरी वजनात लक्षणीय घट झालेली नव्हती. केवळ काट्याकडे पाहणाऱ्याने हा सारा प्रयोग फसला असेच म्हटले असते.

याचा अर्थ वजन कमी करणे निरर्थक आहे असा कोणी करू नये. अमेरिकेत ३,२३४ व्यक्तींवर झालेल्या अशाच प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले, वजनात ७ टक्के घट आणि आठवड्यास १५० मिनिटे व्यायाम हे उद्दिष्ट होते. तेथे मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले आणि वजनात पडलेल्या प्रत्येक किलोचा त्यात वाटा होता. मुद्दा इतकाच की, लाभाची सुरुवात काटा हलण्याच्या आधी होते आणि काटा थांबल्यावरही लाभ चालू राहू शकतो. तो दिसत नाही, कारण आपण तो मोजत नाही.

उद्दिष्ट किती ठेवावे, यावरही या आकड्यांवरून प्रकाश पडतो. समजा, १६५ सेंटिमीटर उंचीच्या एका शिक्षकाचे वजन ८२ किलो आहे. त्याचा निर्देशांक ३० होतो. तो २३ वर आणायचा तर सुमारे १९ किलो वजन उतरवावे लागेल, हे ऐकूनच तो हातपाय गाळील. परंतु ५ ते ७ टक्के म्हणजे चार ते पावणेसहा किलो घट हीच रक्तातील साखर, रक्तदाब आणि यकृतातील चरबी यांवर परिणाम घडविण्यास पुरेशी असते. वजनात एक किलो घट झाली की वरचा रक्तदाब सरासरी एक अंकाने उतरतो, असे अनेक प्रयोगांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले आहे. गुडघ्याचा हिशोब तर याहून उत्साहवर्धक आहे: शरीराचे वजन एक किलो कमी झाले की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो. संधिवाताने बेजार झालेल्या आजीबाईला निर्देशांकापेक्षा ही एक गोष्ट अधिक कळते.

नोंद कशाची ठेवावी

साधी दोनशे पानी वही यास पुरे. वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचानंतर व काही खाण्यापूर्वी, एकाच काट्यावर पाहावे आणि चार आठवड्यांची सरासरी काढावी. तुलना सरासरीची सरासरीशी करावी. रोज वजन पाहून चित्त स्थिर राहत असेल त्याने रोज पाहण्यास हरकत नाही. ज्याची न्याहारी त्या आकड्याने कडू होते, त्याने तो मोह टाळावा. अमेरिकेत १९९४ पासून, वजन उतरवून ते टिकविलेल्या व्यक्तींची एक राष्ट्रीय नोंदणी चालू झाली. तीमधील सुमारे तीन-चतुर्थांश व्यक्ती आठवड्यातून निदान एकदा वजन पाहतात, असे आढळले आहे.

कंबरेचा घेर महिन्यातून एकदा घ्यावा. शिवणकामाची टेप शेवटच्या बरगडीची खालची कड आणि कमरेच्या हाडाचा वरचा कंगोरा यांच्या मधोमध, जमिनीस समांतर धरावी. श्वास सहज सोडल्यावर आकडा वाचावा. पोट आत ओढून घेतलेला घेर ही स्वतःचीच फसवणूक होय. पायजम्याची नाडी जेथे बांधतो तेथे मोजण्याची चूक सर्रास होते, कारण सुटलेल्या पोटाखाली नाडी घसरलेली असते.

रक्तदाब पाच मिनिटे स्वस्थ बसून, पाठ टेकवून घ्यावा. अर्धा तास आधी चहा आणि तंबाखू टाळावी. एचबीए१सी ही रक्तचाचणी मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखविते, म्हणून ती तीन महिन्यांच्या आत पुन्हा करणे हा पैशांचा अपव्यय आहे. रक्तक्षय असलेल्या व्यक्तीत हा आकडा फसवा येऊ शकतो, ही गोष्ट आपल्याकडील स्त्रियांच्या बाबतीत विशेष लक्षात ठेवावी. दिवसातून दोनच वेळा जेवण्याच्या ज्या पद्धतीचा डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रात मोठा प्रसार केला, तीतही आरंभी रक्ताची तपासणी करून काही महिन्यांनी ती पुन्हा करण्याचा आग्रह असतो. पद्धत कोणतीही असो, हा आग्रह योग्यच म्हटला पाहिजे.

या वैद्यकीय आकड्यांच्या शेजारी शक्तीचीही नोंद असावी, आणि माझ्या मते टिकून राहण्याची खरी उमेद येथूनच मिळते. ग्रामपंचायत कार्यालयापासून पाण्याच्या टाकीपर्यंत चालत जाण्यास किती मिनिटे लागली? पंचायत समितीचा जिना चढताना कितव्या पायरीवर धाप लागली? हातांचा आधार न घेता अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता आले? दोन-तीन महिन्यांत यांत पडणारा फरक स्वतःलाच चकित करतो. शक्ती घटत असेल आणि वजनही उतरत असेल, तर मात्र ती धोक्याची सूचना समजावी. उपासमारीने उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही झिजतात. डाळी, उसळी, दूध, अंडी यांतील प्रथिने आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम यांनी ती झीज आवरता येते.

काटा थांबतो तेव्हा

साधारणतः सहा महिन्यांच्या सुमारास वजनाची उतरंड थांबते. येथे बहुतेकांचा धीर सुटतो. हलक्या झालेल्या शरीरास पूर्वीइतके उष्मांक लागत नाहीत. शिवाय घटलेली चरबी परत मिळविण्यासाठी शरीर भूक वाढविते आणि खर्च आवरते घेते. अमेरिकेतील दूरचित्रवाणीवरच्या वजन घटविण्याच्या एका स्पर्धेतील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी केली असता, त्यांच्या शरीराचा विश्रांतीच्या स्थितीतील खर्च अपेक्षेपेक्षा दररोज सुमारे ५०० उष्मांकांनी कमी आढळला, असे २०१६ साली प्रसिद्ध झाले. ज्याचे वजन थांबले आहे त्यास आळशी म्हणणाऱ्या नातलगांनी ही माहिती जरूर वाचावी. या टप्प्यावर वजन वाढू न देणे हेच काम असते आणि वहीत ते यश म्हणूनच नोंदले पाहिजे.

उद्दिष्टही आपल्या हाती असेल असे ठेवावे. ‘या महिन्यात दोन किलो’ हे आपल्या हाती नाही. ‘या आठवड्यात पाच दिवस अर्धा तास चालणे’ हे आहे. सणांचा काळ तर गृहीतच धरावा. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण पूर्वजांनी उगाच केलेली नाही: साबुदाणा, शेंगदाणे आणि तूप यांनी भरलेला उपवास नेहमीच्या जेवणाहून जड पडतो. दिवाळीच्या आठवड्यात वही बंद ठेवली तरी चालेल, पण ती पुन्हा कोणत्या तारखेस उघडायची हे आधीच लिहून ठेवावे.

गावाचा हातभार

हे सारे खर्चिक नाही, आणि त्यातील बरेचसे गावातच उपलब्ध आहे. तिशीवरील प्रत्येक व्यक्तीची माहिती आशा स्वयंसेविका एका ठराविक प्रपत्रात भरतात. त्यात वय, तंबाखू, मद्य, व्यायाम व कौटुंबिक इतिहास यांच्याबरोबर कंबरेच्या घेरालाही गुण असतात. एकूण गुण चारांहून अधिक झाल्यास त्या व्यक्तीस तपासणीसाठी प्राधान्याने पाठवावयाचे असते. आयुष्मान आरोग्य मंदिर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपकेंद्रांत रक्तदाब व साखर पाहण्याची सोय आहे. उणीव आहे ती पुढच्या फेरीची. प्रपत्र एकदा भरले जाते, आकडा कार्यालयात जातो, आणि ज्याची कंबर मोजली त्यास तो आकडा तीन महिन्यांनी आठवतही नाही. ग्रामपंचायतीने उपकेंद्रात एक चांगला काटा व टेप ठेवून महिन्याचा एक दिवस ठरवून दिला, आणि बचत गटाच्या बैठकीला येणाऱ्या भगिनींनी त्याच दिवशी आपापल्या वहीत आकडे उतरवून घेतले, तर पाठपुराव्याचे निम्मे काम होईल. आकडे मोठ्याने वाचून दाखवू नयेत. चारचौघांत वजन उच्चारले गेले की पुढच्या महिन्यात ती व्यक्ती येत नाही. शाळेत मुलांची वजने-उंची घेतानाही शिक्षकांनी हे पथ्य पाळणे अगत्याचे आहे.

शेवटी दोन गोष्टी डॉक्टरांच्या कक्षेतील. इन्सुलिन अथवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीचे वजन व आहार घटू लागल्यास पूर्वीची मात्रा तिला जास्त होऊ शकते. घाम, थरथर, चक्कर, अचानक लागलेली तीव्र भूक ही साखर धोकादायकरीत्या उतरल्याची लक्षणे होत. अशा वेळी ताबडतोब साखर खावी आणि वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. मात्रा कमी करण्याचा निर्णय त्यांनी घ्यावयाचा. दुसरे असे की, काहीही प्रयत्न न करता वजन उतरत असेल तर त्याचे अभिनंदन करू नये. क्षयरोग, वाढलेला मधुमेह किंवा थायरॉइड ग्रंथीचा विकार अशा रीतीनेच प्रथम प्रकट होतो, आणि थुंकी व रक्त यांची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्यावी.