वाराणसीतील दैनंदिन प्रवास आणि कर्ब-उत्सर्जन

विजेवर चालणारे वाहन धूर सोडत नाही, म्हणून ते सर्वस्वी प्रदूषणमुक्त होय, असा समज रूढ आहे. वाराणसीतील ई-रिक्षांच्या संदर्भात तो तपासून पाहण्याजोगा आहे.

केंद्र शासनाच्या 2014 च्या नियमांनुसार ई-रिक्षातून चार प्रवासी नेता येतात. एका चार्जिंगला 6 युनिट वीज लागते व त्यावर 80 किलोमीटर अंतर कापले जाते, असे धरू. आपली वीज प्रामुख्याने कोळशापासून निर्माण होत असल्याने प्रत्येक युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. म्हणजेच ई-रिक्षाच्या प्रत्येक किलोमीटरमागे 52 ग्रॅम. चार प्रवासी असल्यास माणशी 13 ग्रॅम. एकच असल्यास मात्र पूर्ण 52. लिटरला 50 किलोमीटर धावणाऱ्या पेट्रोल स्कूटरचे उत्सर्जन साधारण 46 ग्रॅम भरते! प्रवाशांच्या शोधात मैदागिन ते गोदौलिया रिकाम्या फिरणाऱ्या रिक्षांचा भार तर वेगळाच.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, ई-रिक्षाने जागा कोणाची घेतली? डिझेल वा पेट्रोलच्या ऑटोची घेतली असेल तेथे बचत झाली. सायकल-रिक्षाची किंवा पायी चालण्याची घेतली असेल तेथे उत्सर्जनात भरच पडली. अर्थात, सायकल-रिक्षा ओढण्याचे कष्ट पुन्हा कोणाच्या माथी मारावेत, असे कोणीही म्हणणार नाही.

गंगेवरील नावांचेही असेच आहे. वल्ह्यांची जागा डिझेल इंजिनांनी घेतली. अलीकडे ही इंजिने सीएनजीवर आणण्यात आली व नमो घाटावर तरंगते गॅस भरणा केंद्र उभे राहिले. तेवढ्याच उष्णतेसाठी सीएनजीचे उत्सर्जन डिझेलपेक्षा सुमारे एक-चतुर्थांशाने कमी असते. परंतु गळणारा मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापदायक ठरतो. घाटांवरील काजळी कमी होणे, हा लाभ मात्र निर्विवाद आहे.

कॅंट स्थानक ते गोदौलिया या पावणेचार किलोमीटरच्या रोपवेची पायाभरणी मार्च 2023 मध्ये झाली. त्याचेही मूल्यमापन याच कसोटीवर करावे लागेल : किती ऑटो व मोटारी रस्त्यावरून कमी झाल्या? गोदौलियाहून दशाश्वमेध घाटापर्यंतची वाट तर पायीच चालण्याची आहे. तेथे सावली, पिण्याचे पाणी व मोकळा पदपथ यांवर होणारा खर्चही वाहतुकीवरील खर्चातच धरला पाहिजे.