सेनिओ नदी आणि शिपाई नामदेव जाधव



आपल्या सीमाभागातील बहुतेक खेड्यांत एखादे तरी 'मिलिटरीवाल्यांचे घर' असतेच. भिंतीवर गणवेशातला फोटो, माळ्यावर नाव व नंबर रंगवलेली लोखंडी ट्रंक, आणि परड्यात गुरे. घरातले आजोबा पेन्शन आणायला महिन्यातून एकदा निपाणीला किंवा बेळगावला जातात. एरवी ते तंबाखूच्या नाहीतर उसाच्या रानात दिसतात. त्यांनी काय पाहिले हे नातवंडांना बहुधा ठाऊक नसते. म्हणून या अंकातील पाठासाठी आम्ही अशाच एका शिपायाची निवड केली आहे. तो आपल्या तालुक्यातला नाही. परंतु त्याच्या पलटणीचे माहेर बेळगाव आहे.

मराठा लाइट इन्फंट्रीची सुरुवात 1768 पासून मोजतात. 1922 मध्ये तिचे प्रशिक्षण केंद्र बेळगावला आले आणि तेव्हापासून 'मराठा सेंटर' हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द झाला. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्यात सुमारे 25 लाख माणसे होती, आणि ती सर्व स्वेच्छेने भरती झालेली होती. स्वेच्छा म्हणजे काय, हेही विचारले पाहिजे. कोरडवाहू जमीन, सावकाराचे देणे आणि खाणारी तोंडे दहा, अशा घरातल्या मुलाला पगाराची नोकरी हे मोठेच आकर्षण होते. बहुतेक शिपाई शेती करणाऱ्या घरांतूनच आले होते.

नामदेव जाधव यांचा जन्म नोव्हेंबर 1921 मध्ये निमज या गावी झाला. हे गाव संगमनेर तालुक्यात, तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. 1945 च्या एप्रिलमध्ये ते 23 वर्षांचे होते आणि पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, इटलीत, कंपनीचे 'रनर' होते. रनर म्हणजे निरोप्या. कंपनी कमांडरजवळ राहायचे आणि गोळीबारातून धावत निरोप पोचवायचा.

आता फळ्यावर एक नदी काढा. सेनिओ नदी रुंदीने जेमतेम 15 फूट, म्हणजे आपल्या वर्गखोलीहूनही अरुंद. खोली 4 ते 5 फूट. वेदगंगा पाहिलेल्या मुलांना ही नदी वाटणारच नाही. पण तिच्या दोन्ही काठांना पूर रोखण्यासाठी घातलेले मातीचे बांध 30 ते 35 फूट उंच होते, भिंतीसारखे उभे. या बांधांच्या पोटात जर्मन सैन्याने खंदक व मोर्चे खणले होते. आपले सैन्य पूर्वेकडून येत होते. गंमत अशी (लढाईत गंमत हा शब्द बरा नव्हे, पण मुले हाच वापरतात) की पूर्वेच्या बांधाच्या आतल्या, पाण्याकडच्या बाजूलाही शत्रूचे मोर्चे होते आणि त्यांच्या वर सुरुंगांचा पट्टा होता. म्हणजे बांध ओलांडून पाण्यात उतरलेल्या माणसाला समोरून तर गोळी येणारच, पाठीमागूनही येणार. हे आकृतीत नीट समजून घ्या, तरच पुढचे कळेल.

9 एप्रिल 1945 च्या संध्याकाळी हल्ला झाला. नामदेव आपल्या कमांडरसोबत पाण्यातून पलीकडच्या काठाला लागले, तोच मागच्या तीन मोर्च्यांतून मशीनगनचा मारा सुरू झाला. कमांडर आणि दोन जवान जखमी झाले. बाकीचे सर्व ठार झाले. धडधाकट राहिले फक्त नामदेव. त्यांनी एका जखमीला उचलले, छातीएवढ्या पाण्यातून आणले, उभा बांध चढून, सुरुंगांमधून वाट काढत सुरक्षित जागी पोचवले. मग परत जाऊन दुसऱ्यालाही आणले. दोन्ही खेपांना तोफगोळे व गोळ्यांचा वर्षाव चालूच होता.

इथे थांबले असते तरी कोणी दोष दिला नसता. ते तिसऱ्यांदा गेले. सर्वांत जवळच्या मोर्च्यावर धावून जाऊन टॉमी गनने तो बंद पाडला. त्यात हाताला गोळी लागली व बंदूक चालवता येईना. तेव्हा ती टाकून देऊन हातबॉम्ब घेतले आणि उरलेले दोन मोर्चे संपवले. मध्येच बॉम्ब संपले, तर सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन पलीकडच्या सोबत्यांकडून आणखी घेतले. शेवटी बांधावर उघड्यावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना देत त्यांनी मागच्या कंपन्यांना नदीपार बोलावले. बटालियन पार झाली. त्यानंतर 23 दिवसांनी, 2 मे 1945 रोजी, इटलीतले युद्ध संपले. नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

या युद्धात मराठा पलटणीला हा सन्मान दोनदाच मिळाला, आणि दोन्ही वेळा इटलीत. दुसरे मानकरी नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातील पळसगावचे. त्यांचाही जन्म नोव्हेंबर 1921 चा. ते 10 जुलै 1944 रोजी, 22 व्या वर्षी, धारातीर्थी पडले. पदक त्यांच्या पत्नीने स्वीकारले. इटलीतील मोंतोने गावाने 2023 मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघडी उभारली. परक्या देशातल्या लहानशा गावाला आठवण राहिली, याचे आम्हाला फार अप्रूप वाटते.

वरच्या वर्गातील मुले एक प्रश्न हमखास विचारतात. इंग्रजांसाठी लढणाऱ्याचे कौतुक कशाला? प्रश्न योग्य आहे, तो दाबू नये. त्याच काळात, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार चालू होते. कुंडलचे रामचंद्र श्रीपती लाड, म्हणजे कॅप्टन भाऊ, हे नामदेवांहून लहान, पण वर्षभरानेही नव्हे. ते तुफान सेनेत होते, आणि 7 जून 1943 रोजी त्यांनी सोबत्यांसह शेणोली येथे इंग्रज सरकारच्या पगाराची रक्कम नेणारी रेल्वे अडवून लुटली. एकाच वयाची दोन खेड्यांतली मुले, एक सरकारच्या गणवेशात, दुसरा त्याच सरकारविरुद्ध. आमच्या मते स्वातंत्र्याची लढाई कॅप्टन भाऊंची होती, यात शंका नाही. पण नामदेवांनी पाठीवर घेतलेला जखमी माणूस कोणत्या राजाचा होता, हे त्या पाण्यात त्यांनी पाहिले नसावे. आणि पलीकडे मोर्च्यात नाझी जर्मनीचे सैन्य होते, हेही विसरून चालणार नाही.

त्याच संध्याकाळी त्याच नदीवर आणखी एक व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, कोहाटकडच्या शिपाई अली हैदर यांना. दोन वर्षांनी फाळणी झाली आणि त्यांचा देश वेगळा झाला. ते 1999 मध्ये वारले. नामदेव जाधव हवालदार झाले, 2 ऑगस्ट 1984 रोजी पुण्यात वयाच्या 62 व्या वर्षी निवर्तले. कॅप्टन भाऊ 5 फेब्रुवारी 2022 पर्यंत होते, वय 99.

आता घरचे काम. दुसऱ्या महायुद्धातले सैनिक आता सापडणे कठीण. पण 1962, 1965 व 1971 ची युद्धे पाहिलेले आजोबा आपल्या गावांत आहेत. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे जावे, मात्र दुपारच्या झोपेच्या वेळी जाऊ नये. 'किती जणांना मारले?' हा प्रश्न विचारायचा नाही. भरतीला घरून पायी गेलात की गाडीने, पहिला पगार कशाला खर्च झाला, पत्र कोण वाचून दाखवी, परत आल्यावर शेत कोणी सांभाळले होते, हे विचारावे. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा आजी देतील. तेही लिहून घ्यावे. पालकांना विनंती की ट्रंकेतील पदके, पेबुक व पत्रे मोडीत घालू नयेत. ती मूळ घरातच ठेवावीत, शाळेला फक्त छायाप्रत द्यावी. विश्वस्त मंडळाने ग्रंथालयातील एक कपाट यासाठी रिकामे करून दिले आहे.